वेळेवर की वेळेत?

वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. शेजारच्या मुलाने रिक्षा काढली आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. तपासून बाहेर आलेले डॉक्टर एवढेच म्हणाले, “वेळेवर आणलंत.” दुसऱ्या दिवशी परदेशातल्या चुलतभावाला मी सगळे कळवले. त्याच्या मुलांनाही वाचता यावे म्हणून इंग्रजीत लिहिले. वडील दवाखान्यात ‘ऑन टाइम’ पोहोचले, असे त्यात एक वाक्य होते. तासाभरात त्याचा फोन आला. विचारपूस झाली, धीर देऊन झाला आणि मग हसू दाबत तो म्हणाला, “काकांनी रात्री अडीचची अपॉइंटमेंट घेतली होती का रे?”

मला म्हणायचे होते ‘इन टाइम’. डॉक्टरांचे मराठी वाक्य निर्दोष होते, मी त्याचे सरळ भाषांतर केले होते, तरी इंग्रजी वाक्य चुकले. त्या चुकीचा माग काढताना इंग्रजी ‘टाइम’पेक्षा आपली ‘वेळ’च मला अधिक कळत गेली.

‘ऑन’ म्हणजे वर आणि ‘इन’ म्हणजे आत, हे आपण शाळेत शिकतो. त्यामुळे ‘ऑन टाइम’ म्हणजे ‘वेळेवर’ आणि ‘इन टाइम’ म्हणजे ‘वेळेत’ अशी जोडी आपोआप जुळते. पण ‘ऑन टाइम’मधला ‘ऑन’ हा टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाचा ‘ऑन’ नाही. त्याचे नाते ‘ऑन शेड्यूल’, ‘ऑन ट्रॅक’, ‘ऑन टार्गेट’ या प्रयोगांशी आहे. आधी आखलेल्या रेषेला धरून असणे, हा त्याचा अर्थ. म्हणजे ती रेषा कोणीतरी आधी आखलेली हवी. गाडीचे वेळापत्रक असते, सभेची सूचना असते, घरभाड्याची तारीख असते. म्हणून गाडी ‘ऑन टाइम’ सुटते आणि भाडे ‘ऑन टाइम’ दिले जाते.

‘इन टाइम’ला अशी रेषा लागत नाही. त्याला लागते ती दार मिटण्याची घटका. ती घटका येण्याआधी काम झाले, की ते ‘इन टाइम’ झाले; मग ते दोन मिनिटे आधी झालेले असो की दोन दिवस. म्हणूनच या प्रयोगापुढे बहुधा ‘कशासाठी’ याचे उत्तर येते: शेवटची बस पकडण्यासाठी, आईला भेटण्यासाठी, आग पसरण्याआधी विझवण्यासाठी. उत्तर शब्दांत आले नाही तरी ते ऐकणाऱ्याच्या मनात असते. तेव्हा अडखळायला झाले, तर एक साधी कसोटी लावावी. ‘किती वाजता ठरले होते?’ हा प्रश्न शोभत असेल तर ‘ऑन टाइम’. ‘उशीर झाला असता तर काय हुकले असते?’ हा प्रश्न शोभत असेल तर ‘इन टाइम’.

दोहोंतला फरक रेल्वेच्या फलाटावर चांगला दिसतो. समजा, गाडी सहा दहाची आहे आणि मी सव्वासहाला धापा टाकत पोहोचलो. गाडी ‘ऑन टाइम’ असेल तर ती गेली; मी ‘इन टाइम’ आलो नाही. पण ती दहा मिनिटे उशिरा धावत असेल तर ती ‘ऑन टाइम’ नाही आणि नेमका म्हणूनच मी ‘इन टाइम’ आहे. टाका लवकर घातला तर पुढचे नऊ वाचतात, अशा अर्थाची इंग्रजी म्हण आहे. तिच्यातही ‘इन टाइम’च येते. फाटत चाललेल्या कापडाला वेळापत्रक नसते.

‘इन टाइम’चा आणखी एक अर्थ भाषांतर करणाऱ्याला चकवतो. वाक्याच्या आरंभी तो आला आणि क्रियापद भविष्यकाळी असले, तर तिथे बहुधा ‘कालांतराने’ किंवा ‘हळूहळू’ हा अर्थ असतो. ‘इन टाइम, यू विल अंडरस्टँड’ याचे मराठी ‘तुला वेळेत समजेल’ असे केले, तर धीर देणाऱ्या वाक्याची धमकी होते. ‘इन द निक ऑफ टाइम’मधला ‘निक’ म्हणजे सुरीने पाडलेली बारीकशी खाच. काळाच्या अगदी त्या खाचेत बसावे तसे कोणी धावून आले, हा त्याचा भाव. आपले ‘ऐन वेळी’ त्याच्या जवळ जाते, पण ऐन वेळी माणसे पाठही फिरवतात. इंग्रजी खाचेत मात्र सुटकाच असते.

वक्तशीरपणाच्या अर्थी ‘ऑन टाइम’ एकोणिसाव्या शतकात रुळला. त्यापूर्वी, सतराव्या शतकात, मिल्टनने ‘ऑन टाइम’ नावाची कविता लिहिली. ती वक्तशीरपणावर नाही. तिथे ‘ऑन’ म्हणजे ‘विषयी’. काळाविषयीची ती कविता आहे. रूळ आले, वेळापत्रके आली आणि मिनिटाला मोल आले. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली. पुढे रेल्वे मद्रासची वेळ पाळू लागली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. म्हणजे शहराच्या घड्याळात साडेचार वाजले असताना रेल्वेच्या घड्याळात पाच वाजलेले असत. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ मुंबईने पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. ‘ऑन टाइम’ म्हणजे कोणाच्या घड्याळाने, हा प्रश्न तेव्हा रोजच्या व्यवहारातला होता. ‘इन टाइम’ला तो पडत नाही, गाडी मिळाली की नाही, एवढेच तो पाहतो.

आता आपल्या ‘वेळे’कडे येऊ. इंग्रजी जे काम अव्यय बदलून करते, त्यातले बरेच काम मराठी लिंग बदलून करते. ‘तो वेळ’ म्हणजे अवधी: वेळ मिळाला, वेळ घालवला. ‘ती वेळ’ म्हणजे ठरलेला क्षण किंवा प्रसंग: जेवायची वेळ झाली, वाईट वेळ आली. ‘माझा वेळ गेला’ म्हणणारा तास दोन तास फुकट गेल्याबद्दल कुरकुरतो. ‘माझी वेळ गेली’ म्हणणारा हुकलेल्या संधीबद्दल हळहळतो. सामान्यरूपातही हा भेद टिकतो. ‘थोड्या वेळात’ हा पुल्लिंगी वेळ, तर ‘वेळेत’ आणि ‘वेळेवर’ ही स्त्रीलिंगी वेळ.

या स्त्रीलिंगी वेळेत घड्याळातला ठरलेला क्षण आणि आयुष्यातला प्रसंग, असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या म्हणीतल्या वेळेला घड्याळाशी काही देणेघेणे नाही. म्हणून ‘गाडी वेळेवर आली’ आणि ‘मित्र वेळेवर धावून आला’ ही दोन्ही वाक्ये मराठीत सहज शेजारी बसतात. इंग्रजीत पहिले ‘ऑन’ मागते आणि दुसरे ‘इन’. फरक नेमका दाखवायचा असेल तेव्हा आपण ‘वेळीच’ म्हणतो: वेळीच सावध झाला, वेळीच उपचार झाले. सप्तमीचा ‘ई’ आणि त्यावर जोर देणारा ‘च’ मिळून ‘इन टाइम’चा अर्थ पुरा करतात.

हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. ‘लस वेळेवर घ्या’ असे आपण दोन ठिकाणी म्हणतो. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर तारखा लिहिलेल्या असतात. तिथे ‘वेळेवर’ म्हणजे ‘ऑन टाइम’. पिसाळलेला कुत्रा चावला असेल तर तारीख कोणीच दिलेली नसते. रेबीजची लक्षणे दिसू लागली, की वाचण्याची आशा जवळजवळ संपते. तिथे ‘वेळेवर’ म्हणजे ‘इन टाइम’, आणि मराठीत सांगतानाही ‘वेळीच, म्हणजे आत्ताच’ असे फोडून सांगितलेले बरे.

चुलतभावाला मी दुरुस्त केलेले वाक्य पाठवले. वडील घरी आल्यावर त्यांनाही हा किस्सा सांगितला. नोकरीच्या तीस वर्षांत त्यांनी आठ दहाची बस कधी चुकवली नव्हती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “त्या पोराला रिक्षाचे पैसे दिलेस का?” मी दिले नव्हते. ते मात्र मी त्याच संध्याकाळी दिले.