सवय झाली, म्हणतो खरं!

गेल्या उन्हाळ्यात नणंदेच्या बाळंतपणानंतर मदतीला म्हणून पंधरा दिवस मी तिच्याकडे राहिले होते, तेव्हाची ही गोष्ट. दुपारी बाळ आणि बाळंतीण निजली, की मी आणि माझा दुसरीतला भाचा पुढच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचो. तो वाचायचा, मी ऐकायची. चार ओळी होतात न होतात तोच डोक्यावरून विमान जाई. मोठं नव्हे, वैमानिक होऊ घातलेल्या मुलांना शिकवायचं, एका पंख्याचं लहानसं विमान. पण घरघर अशी, की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येऊ नये. भाचा काय करी? ओळीवर बोट ठेवून गप्प बसे. वर बघत नसे, वैतागत नसे. फाटक पडल्यावर बैलगाडी थांबावी तसा थांबे. आवाज सरला की पुन्हा वाचायला लागे, पण बहुधा भलत्याच ओळीपासून. आणि आपली ओळ चुकली, हे त्याच्या ध्यानातही येत नसे.

नणंदेला सांगितलं, तर म्हणाली, "वहिनी, आम्हाला आता सवय झालीय."

गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. धावपट्टी आधीची, कॉलनी नंतरची. प्लॉट घेतला तेव्हा महिन्या-दोन महिन्यांतून एखादं विमान उतरायचं. पोरं कौतुकाने गच्चीवर धावायची. पुढे शिकाऊ विमानं आली आणि कौतुक संपलं.

आम्ही पिंगळीची माणसं. आमच्याकडे विमान दिसतं ते आभाळात फार उंचावर, पांढरी रेघ ओढत जाणारं. प्रवासी विमानतळ म्हणाल तर जवळचा तो नांदेडचा. पण आवाज आम्हाला नवा नाही, कारण गावाला रेल्वे आहे. मालगाडी धडधडत निघाली, की मी वर्गात खडू हातात धरून थांबते. गाडी गेली की, "हं, कुठे होतो आपण?" असं म्हणायचं आणि पुढे चालायचं. अशा थांबण्यात वर्षाकाठी किती तास जात असतील, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. भाच्याचं ते ओळीवरचं बोट पाहिलं आणि मनात धस्स झालं.

हा हिशेब न्यूयॉर्कमधल्या एका बाईने फार पूर्वीच करून ठेवला आहे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांच्या एका विद्यार्थिनीचं मूल ज्या शाळेत जाई, तिच्या एका अंगाने उंच पुलावरून आगगाडी जायची. मुलांना शिकताच येत नाही, अशी आयांची तक्रार. ब्रॉन्झाफ्टबाईंनी त्याच शाळेतल्या दोन्ही बाजूंच्या वर्गांचं वाचन ताडून पाहिलं. रुळांकडच्या वर्गांतली मुलं सहावीपर्यंत जवळजवळ वर्षभराने मागे पडलेली निघाली. हा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. मग रेल्वेने रुळांखाली रबरी गाद्या घातल्या, शाळेने आवाज शोषणारी छतं बसवली, आणि १९८१ च्या पाहणीत दोन्ही बाजूंची मुलं बरोबरीला आली!

विमानांच्या बाबतीतही असंच दिसलं. १९९२ मध्ये जर्मनीतल्या म्युनिक शहराचा जुना विमानतळ बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांना आधी आणि नंतर तपासलं. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारलं; नव्याजवळच्यांचं खालावलं. म्हणजे नुकसान होतं हे जसं खरं, तसं आवाज थांबला तर ते भरून येतं हेही खरं. मला तरी या दुसऱ्या गोष्टीने फार धीर आला.

आणि "सवय झाली" म्हणतो, ती कशाची होते? मूल नको तो आवाज कानाआड करायला शिकतं आणि त्याबरोबर आईचं, बाईंचं बोलणंही कानाआड होतं. रात्री आपल्याला जाग येत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण झोपेतही आवाजाने नाडी जलद होते, रक्तदाब चढतो.

मग आम्ही नणंदा-भावजयांनी एक उद्योग केला. जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे आठ दिवस नोंदी ठेवल्या: वेळ काय, विमान कुठल्या अंगाने आलं, बाळ दचकलं का. पंखाखालचा नंबर वाचायचं काम भाच्याकडे, ते त्याने मोठ्या हौसेने केलं. त्यातून जे निघालं, त्याने आम्ही दोघीही चकित झालो. आम्हाला वाटे, दिवसभरात कितीतरी वेगवेगळी विमानं जातात. प्रत्यक्षात तासाभरात तेच एक विमान नऊ वेळा डोक्यावरून गेलं होतं. शिकणारा मुलगा उडतो, वळसा घालून येतो, चाकं टेकवतो की पुन्हा उडतो. आपण लहान मुलीला पोळी लाटायला शिकवताना तीच पोळी पुन्हा पुन्हा मोडायला लावतो, तसं. शिवाय सकाळी साडेसहाला बाळ दचकून उठायचं ते आकाशातल्या विमानाने नव्हे, तर जमिनीवर उभ्या विमानाचं इंजिन पूर्ण जोरात चालवून तपासत, त्याने.

ही दोन कारणं वेगळी, त्यामुळे उपायही वेगळे. इंजिनाची तपासणी धावपट्टीच्या घरांपासून दूरच्या टोकाला, मातीच्या उंच बांधाआड आणि उजाडल्यावर सावकाशीने करता येते. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. घिरट्यांचा वळसा घरांऐवजी दुसऱ्या अंगाला, शेतांवरून घालता येतो. वाऱ्याची दिशा आणि सुरक्षितता पाहूनच हे ठरवावं लागतं, पण विचारायला काय हरकत आहे? पंख्याचा आवाज त्याच्या टोकाच्या वेगावर फार अवलंबून असतो. म्हणून जास्त पात्यांचे, हळू फिरणारे पंखे आणि धूर सोडण्याच्या नळीला सायलेन्सर अशा सुधारणाही निघाल्या आहेत. जर्मनीत १९९९ च्या नियमाने वर्दळीच्या लहान धावपट्ट्यांवर अशा घिरट्यांना दुपारी १ ते ३ मनाई आहे. कमी आवाजाच्या विमानांना मात्र सवलत. म्हणजे वामकुक्षीचं महत्त्व फक्त पुणेकरांनाच कळतं असं नाही!

आपल्याकडचं जुनं उदाहरण जुहूचं. तिथला विमानतळ १९२८ चा. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. आज त्याभोवती इमारतींची दाटी आहे आणि समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरं तिथून उडतात. हेलिकॉप्टरची धडधड खर्जातली, ती भिंतीतूनही आत येते. त्यातल्या त्यात जुहूला समुद्र जवळ आहे. आपल्या मराठवाड्यात समुद्र कुठून आणायचा? पण शेतं तर आहेत. मुंबईत इमारतींच्या गच्च्यांवर हेलिपॅड व्हायची चर्चा सुरू झाली, तेव्हा सुमैरा अब्दुलाली यांच्या आवाज फाउंडेशनने आवाजाच्याच मुद्द्यावर विरोध केला होता.

कायद्याचं सांगायचं, तर २००० च्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा. विमानतळाजवळच्या पट्ट्यासाठी २०१८ मध्ये वेगळे आकडे ठरले: मोठ्या वर्दळीच्या विमानतळांना दिवसा ७०, रात्री ६५, बाकीच्यांना ६५ आणि ६०. आकडा १० ने वाढला, की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात ठेवा. शिवाय हे मोजमाप सरासरीचं. खारट भाजी आणि अळणी वरण एकत्र कालवून चव बरोबर आहे म्हणण्यातलाच हा प्रकार. दचकलेल्या बाळाला सरासरी कळत नाही. म्हणूनच वेळेवार नोंद हवी.

आता घरात काय करता येईल? माझ्या नणंदेने आधी जाड पडदे लावले, मग कुणीतरी सांगितलं म्हणून भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले. दोन्ही पैसे वाया. पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. ट्रेमुळे तर नुसती धूळ साठते. आवाज येतो तो फटीतून. म्हणून आधी खिडकीच्या चौकटीला रबराची पट्टी लावा, दाराखालची फट बुजवा. सरकत्या खिडकीपेक्षा कडी लावून घट्ट बसणारी खिडकी बरी. खर्च झेपत असेल तर एका खोलीपुरती तरी आतून दुसरी काच बसवून घ्या, दोन काचांत चार बोटं तरी अंतर ठेवून. अंतर जितकं जास्त तितकं चांगलं. अभ्यासाची आणि बाळाची जागा धावपट्टीच्या उलट बाजूच्या खोलीत हलवली, तर एक पैसाही लागत नाही. नणंदेकडे सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. कुंपणाला चार अशोकाची झाडं लावून आवाज कमी होत नाही. सावलीसाठी खुशाल लावा. अर्थात आपल्याकडे मे महिन्यात खिडक्या बंद करून बसणार कोण, आणि कूलर लावावा तर त्याचीच घरघर! त्यामुळे घरातल्या उपायांनी प्रश्न अर्धाच सुटतो, हे मान्य केलं पाहिजे.

उरलेला अर्धा तिकडे, धावपट्टीवर सुटायचा असतो. जिथे अजून वस्ती वाढलेली नाही, तिथे हे विचारण्याची वेळ आत्ताच आहे. अमरावतीजवळ बेलोऱ्याचा विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. तिथे एअर इंडियाने ३४ शिकाऊ विमानांची प्रशिक्षणसंस्था काढायचं २०२४ मध्ये जाहीर केलं. आपली मुलं-मुली वैमानिक व्हावीत, असं कुणाला वाटणार नाही? पण त्या बाजूला प्लॉट बघायला जाल, तेव्हा दलालाला सातबाराबरोबर विमानांच्या वळशाची बाजूही विचारा. सुटीच्या दिवशी दुपारी गेलात तर सगळं शांतच वाटेल. कामाच्या दिवशी सकाळी जा.

नणंदेने शेजारच्या पाचजणींना बरोबर घेऊन कॅलेंडरची ती पानं तिथल्या कचेरीत नेली. साहेब आधी म्हणाले, "विमानतळावर विमानं उडणारच, बाई." मग वेळा, नंबर, दिशा पाहिल्या आणि आपलं रजिस्टर मागवलं. दोन्ही जुळलं. आता इंजिनाची तपासणी पलीकडच्या टोकाला, आठनंतर होते. दुपारच्या घिरट्या मात्र चालूच आहेत. नणंदेची नवी पानंही चालू आहेत.

परवा भाच्याचा फोन आला. मामीला धडा वाचून दाखवायचा होता. मधेच त्याच्याकडून घरघर ऐकू आली. "मामी, थांब," म्हणाला. ती सरते न सरते तोच इकडे आमची मालगाडी आली. ती जाईपर्यंत दोघंही फोन धरून गप्प. मग त्यानेच विचारलं, "मामी, कुठे होतो गं आपण?"