विश्लेषण : कपाटात पडलेले जुने डिजिटल घड्याळ पुन्हा सुरू होईल का?

दहावी पास झाल्यावर घेतलेले, लग्नात मिळालेले किंवा मुंबईहून कुणी आणून दिलेले डिजिटल घड्याळ बुलढाणा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आजही कपाटाच्या खणात सापडते. सेल संपला म्हणून ते बाजूला पडले, पुढे मोबाइल आला आणि त्याची आठवणही राहिली नाही. अशी घड्याळे शोधून, विकत घेऊन दुरुस्त करण्याचा छंद जगभर जोपासला जातो. मात्र त्यातली बरीच घड्याळे वयामुळे नव्हे, आत विसरलेल्या सेलमुळे कायमची निकामी होतात.

पहिले डिजिटल घड्याळ कोणते?

अमेरिकेतील हॅमिल्टन कंपनीचे ‘पल्सर’ हे मनगटी डिजिटल घड्याळ १९७२ मध्ये विक्रीस आले. सोन्याच्या या घड्याळाची किंमत २,१०० डॉलर होती. लाल एलईडी आकडे फार वीज खात, म्हणून बटण दाबले तरच वेळ दिसे. १९७३ मध्ये सेकोने सहा आकडे सतत दाखवणारे एलसीडी घड्याळ आणले, तर १९७४ मध्ये कॅसिओचे ‘कॅसिओट्रॉन’ आले. महिना ३० दिवसांचा की ३१, हे त्याला आपोआप कळे. १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सुमारे २० डॉलरचे प्लॅस्टिकचे घड्याळ आणले आणि श्रीमंतांची ही वस्तू सामान्यांच्या हाती आली. कॅसिओचे ‘एफ-९१डब्ल्यू’ १९८९ चे. ते आजही विकले जाते.

भारतात तेव्हा एचएमटीच्या चावीच्या घड्याळांचा काळ होता. परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने डिजिटल घड्याळ परदेशाहून येणाऱ्याच्या सामानातून किंवा चोरट्या मार्गाने येई. म्हणूनच त्याचे अप्रूप मोठे होते.

आत नेमके काय असते?

चक्रे नसतात, स्प्रिंगवर चालणारे यंत्र नसते. क्वार्ट्झचा बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. चिप ही संख्या १५ वेळा निम्मी करते आणि सेकंदाला एक ठोका मिळतो. चिपपासून पडद्यापर्यंत वीज नेते ती रबराची ‘झेब्रा’ पट्टी. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे थर आलटून पालटून असतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोलरायझर फिल्म असते. तिच्यामुळेच आकडे काळे दिसतात.

काय दुरुस्त होते, काय नाही?

आकड्याची एखादी रेघ गायब असेल तर बहुतेकदा झेब्रा पट्टीवर धूळ असते किंवा ती सरकलेली असते. ती स्वच्छ करून नीट बसवली की आकडा परत येतो. पडदा पिवळट किंवा डागाळलेला असेल तर फिल्म बदलता येते. ती ९० अंशांत फिरवून लावली तर काळ्या पडद्यावर उजळ आकडे दिसतात. काही हौशी मंडळी मुद्दाम तसे करतात.

सेल फुटून आलेला पांढरा-हिरवा थर व्हिनेगरच्या थेंबाने विरघळतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडे करावे. नेलपॉलिश काढायचे द्रव मात्र वापरू नये, त्याने प्लॅस्टिक विरघळते. सर्किटवरच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेल्या असतील, चिप जळाली असेल किंवा एलसीडीला तडा जाऊन काळी शाई पसरल्यासारखी दिसत असेल, तर इलाज एकच : तसेच दुसरे बंद घड्याळ मिळवून त्याचा भाग घालणे.

सेल बदलूनही घड्याळ सुरू का होत नाही?

कॅसिओच्या अनेक घड्याळांत आत ‘एसी’ अशी खूण असते. नवा सेल घातल्यावर ती जागा आणि सेलची धन बाजू धातूच्या चिमट्याने क्षणभर जोडावी लागते. हे न केल्यामुळे चांगली घड्याळे ‘मेली’ म्हणून भंगारात जातात. सेलही पाहून घ्यावा. ‘एलआर’ म्हणजे अल्कलाइन, ‘एसआर’ म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड. आकार एकच असला तरी अल्कलाइनचा दाब हळूहळू उतरतो आणि तो पाझरण्याचा धोका जास्त. मॉडेलला लागणारा सेल सिल्व्हर ऑक्साइडचा असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्यावा.

विकत घेताना फसगत कशी टाळावी?

पहिली जागा आपले आणि नातेवाइकांचे घर, दुसरी तालुक्याच्या गावातले जुने घड्याळ दुरुस्तीचे दुकान. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार ही पुढची ठिकाणे. ‘सेल टाकला की चालेल’ असे सांगणाऱ्याला सेल टाकूनच दाखवायला सांगावे. स्टॉपवॉच सुरू करून प्रत्येक आकडा पूर्ण उमटतो का पाहावे, मग दिवा, गजर आणि सर्व बटणे तपासावीत. मागच्या झाकणावरचा चौकटीतला क्रमांक आतल्या यंत्राशी जुळला पाहिजे. ‘एफ-९१डब्ल्यू’साठी तो ५९३ आहे. याच घड्याळाचे उजवे बटण तीन सेकंद दाबून धरले की पडद्यावर कंपनीचे नाव येते. काही नकलांतही ते येत असल्याने एवढ्यावर विसंबू नये.

जपणूक कशी करावी?

घाटावरच्या बुलढाण्यापेक्षा घाटाखालचे मलकापूर, नांदुरा, शेगाव उन्हाळ्यात जास्त तापते. पत्र्याखालच्या पेटीत किंवा उन्हात उभ्या गाडीत घड्याळ ठेवू नये. उष्णतेने फिल्म खराब होते आणि झाकणाची रबरी रिंग कडक होते. त्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावावे. तरीही जुन्या घड्याळावर ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिले आहे म्हणून ते पाण्यात नेऊ नये.

काढलेला सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळलेला लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम करू शकतो. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

घड्याळ दुरुस्त करायचे की नाही, हे सवडीने ठरवता येईल. खणातल्या बंद घड्याळातला सेल मात्र आजच काढून ठेवावा. पाझर एकदा सर्किटपर्यंत पोहोचला की कुशल हातांनाही फारसे काही करता येत नाही.