पहिले एकाले संपव

नागपूरहून हिंगण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वानाडोंगरी-डिगडोहच्या बाजूला, इंजिनिअरिंगची पोरं रूम करून राहतात. त्यांच्यातल्या ‘बाल्डर्स गेट ३’सारखा, पाळीपाळीनं म्हणजे टर्ननं चालणारा लढाईचा गेम खेळणाऱ्यांत एक सल्ला ठरलेला असतो : ‘अबे, सगळ्याईले नको मारू, पहिले एकाले संपव!’ हा सल्ला कागदावर मांडून पाहिला की मी दर वेळी थक्क होतो.

समजा, तुमचे चार, शत्रूचे चार. प्रत्येक शत्रूची हेल्थ ४०. तुमचा प्रत्येक भिडू आपल्या टर्नला त्यातले १० कापतो आणि दर फेरीत सुरुवात तुमची. चौघांनी चार वेगळे शत्रू धरले, तर ते सगळे चौथ्या फेरीत एकदमच पडतात. तोवर त्यांनी तुमच्यावर १२ वार केलेले असतात. आता चौघांनी मिळून एकेकाला गाठा. दर फेरीला एक शत्रू कमी. ते वार करतात ३, मग २, मग १. एकूण ६! ताकद तेवढीच, फेऱ्याही चारच, पण मार निम्मा. कारण अर्धमेला शत्रूही पुऱ्या जोरानं मारतो. मेलेला मारत नाही.

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनं १९१६च्या ‘एअरक्राफ्ट इन वॉरफेअर’ या पुस्तकात खऱ्या युद्धासाठी असंच गणित मांडलं होतं : सगळ्यांना एकाच वेळी मारा करता येत असेल, तर फौजेचं बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

मग एकटा बॉस सोपा जायला हवा. त्याला एक टर्न, तुम्हाला चार! गेम रचणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. ‘बाल्डर्स गेट’ ज्यावर उभा आहे, तो ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली आणला. त्याच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत दांडग्या राक्षसांना दुसऱ्यांच्या टर्ननंतरही हालचाल करायची मुभा आहे. सोबत पिलावळ असते ती वेगळीच. म्हणून आधी पिलावळ संपवायची आणि बॉसचे टर्न खायचे : त्याला जखडा, झोपवा. आपल्याकडचा ‘हेस्ट’ मंत्र एका भिडूला जादा चाल देतो. पण मार लागून मंत्र घालणाऱ्याची एकाग्रता मोडली, तर तोच भिडू सुस्तावून टर्न गमावतो. मंत्रवाल्याला मागे ठेवायचं ते यासाठी.

आणि कधी बॉसला वार लागतच नाही. ‘बाल्डर्स गेट’च्या २०२३मध्ये आलेल्या तिसऱ्या भागातला ग्रिम तसाच. जमिनीखालच्या भट्टीतला हा धातूचा अजस्र पुतळा तापलेला नसेल, तर तलवार, बाण, जादू, सगळं फुकट. एका भिडूनं व्हॉल्व्ह फिरवून लाव्हा सोडायचा, म्हणजे त्यात उभा ग्रिम तापतो. ज्यानं शेवटचा वार केला, त्याच्याच मागे तो लागतो. हीच त्याची खोड. म्हणून एक धनुर्धारी मधल्या ऐरणीच्या कडेला उभा राहून बाण सोडतो. ग्रिम ऐरणीवर चढला की धनुर्धारी सटकतो आणि तिसरा भिडू दांडा ओढतो. वरून भट्टीचा प्रचंड हातोडा कोसळतो. तापलेल्या ग्रिमला ठोक्याचा मार दुप्पट लागतो!

व्हॉल्व्ह फिरवण्याआधी खालच्या भागात आपलं कोणी उभं नाही ना, तेवढं बघायचं. लाव्हात आपले भिडूही जळतात.