विद्यापीठ क्रमवारी व महाविद्यालयाची निवड

उच्च शिक्षणसंस्थांची काही ठरावीक निकषांवर तुलना करून त्यांना अनुक्रम देण्याच्या पद्धतीस विद्यापीठ क्रमवारी असे म्हणतात. मान्यता, मूल्यांकन आणि क्रमवारी या तीन भिन्न गोष्टी होत. पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार विद्यापीठास आहे की नाही, हे मान्यतेवरून ठरते. संस्था एका विशिष्ट दर्जापर्यंत पोहोचली आहे की नाही, हे मूल्यांकन सांगते. तर इतर संस्थांच्या तुलनेत तिचे स्थान कोणते, एवढेच क्रमवारी दर्शविते. शासकीय अथवा अनुदानित महाविद्यालयात प्रवेश घेताना या तिसऱ्या गोष्टीस किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दरवर्षी उभा राहतो. एकाच विद्यापीठाशी शेकडो महाविद्यालये संलग्न असलेल्या महाराष्ट्रात त्याचे स्वरूप पाश्चात्त्य देशांहून वेगळे आहे. मुंबई महानगराच्या उत्तर सीमेवरील वसई-विरार (जि. पालघर) या परिसरात ते विशेष स्पष्टपणे दिसते.

उगम व निकष : महाविद्यालयांच्या क्रमवारीस लोकप्रियता मिळाली ती अमेरिकेतील *यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट* या नियतकालिकाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीपासून. जागतिक पातळीवरील पहिली प्रभावी क्रमवारी चीनमधील शांघाय येथे २००३ मध्ये तयार झाली. चिनी विद्यापीठे जगातील अग्रगण्य विद्यापीठांच्या तुलनेत कोठे आहेत हे पाहणे, हा तिचा मूळ हेतू होता. साहजिकच नोबेल पारितोषिके, फील्ड्‌स पदके, शोधनिबंध आणि त्यांचे घेतले गेलेले आधार यांवर तिचा सर्व भर आहे; वर्गातील अध्यापनाचे मोजमाप तीत नाही. २००४ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध होऊ लागलेल्या क्रमवारीत विद्वज्जनांच्या मताला मोठे स्थान मिळाले. क्यूएस या क्रमवारीत या मताचा भार दीर्घकाळ ४० टक्के होता. तो पुढे ३० टक्क्यांवर आणण्यात आला.

भारतात केंद्र शासनाने २०१५ मध्ये राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा (एनआयआरएफ) जाहीर केला व २०१६ मध्ये पहिली यादी प्रसिद्ध केली. विद्यापीठांसाठी अध्यापन व साधनसामग्री ३०, संशोधन ३०, पदवीधरांची निष्पत्ती २०, सामाजिक समावेशकता १० आणि लोकमत १० टक्के अशी विभागणी करण्यात आली. महाविद्यालयांच्या स्वतंत्र यादीत संशोधनाचा भार कमी करून अध्यापनाचा ४० टक्क्यांपर्यंत वाढविला आहे. या यादीत २०१७ ते २०२३ या काळात दिल्लीचे मिरांडा हाउस आणि २०२४ व २०२५ मध्ये तेथीलच हिंदू महाविद्यालय प्रथम क्रमांकावर होते. महाराष्ट्रातील महाविद्यालये पहिल्या शंभरांत मोजकीच आढळतात. तथापि यादीत समावेश होण्यासाठी संस्थेने स्वतः माहिती सादर करावी लागते. त्यामुळे यादीत नाव नसणे म्हणजे गुणवत्ता नसणे, असे अनुमान काढता येत नाही.

मूल्यांकनाचे काम राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक) करते. तिची स्थापना विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये बंगलोर (आता बंगळूरू) येथे केली. चार गुणांच्या मापावर गुणांक काढून ए++ पासून पुढे श्रेणी देण्याची पद्धत तिने रूढ केली. या पद्धतीत संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण १,००० गुणांपैकी ३५० गुण अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन यांना होते, तर विद्यापीठांसाठी याच बाबीला २०० गुण होते. म्हणजेच विद्यापीठाची गुणवत्ता आणि महाविद्यालयाची गुणवत्ता या एकाच मापाने मोजण्याच्या गोष्टी नव्हेत, हे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेनेही मान्य केले आहे.

संलग्नता व क्रमांक : १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोकणात पसरलेले असून त्याच्याशी आठशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत. वसईतील अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय व संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय, विरारचे विवा महाविद्यालय, पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आणि मुंबईच्या दक्षिण टोकावरील नामवंत महाविद्यालये यांच्या पदवीधरांना याच विद्यापीठाची पदवी मिळत आली आहे. त्यामुळे विद्यापीठाचा क्रमांक या सर्वांस समान लागू पडतो आणि त्यांच्यापैकी एकाची निवड करण्यास त्याचा काहीच उपयोग होत नाही.

शिवाय हा क्रमांक स्थिर नसतो. राष्ट्रीय क्रमवारीतील विद्यापीठांच्या गटात मुंबई विद्यापीठ २०२१ मध्ये ७१ वे, २०२२ मध्ये ४५ वे, २०२३ मध्ये ५६ वे आणि २०२४ मध्ये ६१ वे होते. २०२१ मध्ये प्रथम वर्षास प्रवेश घेऊन २०२४ मध्ये पदवीधर झालेल्या विद्यार्थ्याच्या शिक्षणकाळात क्रमांक सव्वीस स्थानांनी वर गेला व पुन्हा सोळा स्थानांनी खाली आला. तेवढ्या अवधीत त्याचे वर्ग, शिक्षक अथवा ग्रंथालय यांत त्या प्रमाणात चढउतार झाले असतील, असे मानता येत नाही.

याउलट विद्यापीठाच्या कारभाराचा परिणाम प्रत्येक विद्यार्थ्यावर प्रत्यक्ष होतो. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय मुंबई विद्यापीठाने पुरेशा पूर्वतयारीविना अमलात आणला. निकाल कित्येक आठवडे रखडले, पुढील प्रवेश अडचणीत आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. या घटनेची झळ नामांकित व सामान्य अशा दोन्ही महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना सारखीच बसली.

स्वायत्त महाविद्यालयांची स्थिती काहीशी निराळी आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयास २०१० मध्ये स्वायत्तता मिळाली. अशी महाविद्यालये अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवितात, पदवी मात्र विद्यापीठ देते. येथे महाविद्यालयाच्या स्वतःच्या लौकिकास अधिक अर्थ प्राप्त होतो. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम या जुन्या शासकीय महाविद्यालयांचे उदाहरणही बोधप्रद आहे. २०१९ मध्ये ती मुंबई विद्यापीठातून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात समाविष्ट झाली. त्यांची पदवी देणारे विद्यापीठ अगदी नवे झाले. तथापि ती लोकांना परिचित आहेत ती स्वतःच्या जुन्या नावांनीच.

अंतर व खर्च : वसई-विरारच्या विद्यार्थ्यापुढील निवड बहुधा जवळचे महाविद्यालय आणि मुंबईतील नामवंत महाविद्यालय यांमधील असते. विरार ते चर्चगेट हे लोहमार्गाने सु. ६० किमी. अंतर आहे. घरापासून वर्गापर्यंत एका दिशेने दीड तास धरला, तरी वर्षातील १८० अध्यापनदिवसांत ५४० तास प्रवासात जातात. पश्चिम रेल्वेवरील गर्दीच्या वेळी हा प्रवास बहुधा उभ्यानेच करावा लागत असल्याने त्या वेळात वाचन होण्याची शक्यता थोडी असते. पूर्वेकडील वारली, कातकरी व मल्हार कोळी वस्त्यांतील विद्यार्थ्यांना तर रेल्वेस्थानक गाठण्यासाठीच वेगळा प्रवास करावा लागतो. कुटुंबातील पहिल्या पिढीचे शिक्षण घेणारे असे विद्यार्थी नामवंत परंतु दूरच्या महाविद्यालयातून शिक्षण अर्धवट सोडण्याचा धोका असतो. त्यांच्या बाबतीत पूर्ण झालेली पदवी ही अपुऱ्या राहिलेल्या प्रतिष्ठित प्रवेशापेक्षा केव्हाही मोलाची ठरते.

खर्चाच्या दृष्टीने ‘अनुदानित’ हा शब्द क्रमांकापेक्षा महत्त्वाचा आहे. एकाच महाविद्यालयात कला, वाणिज्य व विज्ञान यांच्या जुन्या तुकड्या अनुदानित असतात, तर व्यवस्थापन, माहिती तंत्रज्ञान यांसारखे नंतर सुरू झालेले अभ्यासक्रम बहुधा स्वयंअर्थसाहाय्यित असतात. पहिल्यांत शिक्षकांचे वेतन शासन देते व शुल्क अल्प असते. दुसऱ्यांत शुल्क अनेक पटींनी अधिक असून शिक्षक अनेकदा कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर नेमलेले असतात. महाविद्यालयाची श्रेणी मात्र दोन्हींस एकच असते. अनुदानित तुकड्यांतही दीर्घकाळ रिक्त राहिलेली पदे ही अडचण आहेच. त्यामुळे संस्थेचा क्रमांक पाहण्यापेक्षा निवडलेल्या विषयात कायम शिक्षक किती आहेत, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

प्रतिष्ठेचे प्रत्यक्ष लाभ : क्रमवारी सर्वस्वी निरर्थक आहे, असे मात्र नाही. लोकसेवा आयोगाच्या सामायिक परीक्षा व बँकांची भरती यांसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी एवढीच अट असते. तेथे क्रमांक विचारला जात नाही. खाजगी क्षेत्रातील कंपन्या मात्र भरतीसाठी ठरावीक महाविद्यालयांतच जातात. अभियांत्रिकीत हा भेद ठळक आहे : मुंबईची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था किंवा पुण्याचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (२०२२ पासून तंत्रज्ञान विद्यापीठ) यांसारख्या संस्थांत प्रवेश परीक्षेने निवडलेले विद्यार्थी एकत्र येतात आणि त्या निवडीवरच कंपन्यांचा विश्वास असतो. संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळा व मार्गदर्शक यांचे महत्त्व असल्याने पदव्युत्तर स्तरावर क्रमवारीतील संशोधनाचे गुण विचारात घेण्याजोगे असतात. परदेशगमनातही क्रमांक कधी निर्णायक ठरतो. ब्रिटनने २०२२ मध्ये अग्रगण्य जागतिक विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी विशेष प्रवेशपरवाना सुरू केला, तेव्हा त्याच्या पहिल्या यादीत एकही भारतीय विद्यापीठ नव्हते.

प्रतिष्ठित संस्थेमुळे उत्पन्न वाढते की मुळात होतकरू विद्यार्थीच अशा संस्थांत जातात, हा वादाचा मुद्दा आहे. स्टेसी डेल व ॲलन क्रूगर या अमेरिकन संशोधकांनी १९७६ मध्ये महाविद्यालयांत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. सारख्याच संस्थांकडे अर्ज करून प्रवेशास पात्र ठरलेल्या विद्यार्थ्यांपैकी जे कमी प्रतिष्ठित संस्थेत गेले, त्यांचे पुढील उत्पन्न सर्वसाधारणपणे कमी आढळले नाही. गरीब कुटुंबांतील विद्यार्थ्यांना मात्र प्रतिष्ठित संस्थेचा लाभ झाला. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन यांच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, अग्रगण्य सार्वजनिक विद्यापीठाऐवजी अतिप्रतिष्ठित खाजगी विद्यापीठात गेल्याने सरासरी उत्पन्नात फारसा फरक पडत नाही; अत्युच्च उत्पन्नाच्या गटात पोहोचण्याची शक्यता मात्र वाढते. हे निष्कर्ष भारतास जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि ज्या विद्यार्थ्याच्या घरी ओळखीपाळखी व मार्गदर्शन नाही, त्यालाच संस्थेच्या नावाचा आधार अधिक लागतो, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. म्हणून दूरच्या महाविद्यालयातील वसतिगृह, शिष्यवृत्ती व शुल्कमाफी यांची खात्री असल्यास अशा विद्यार्थ्याने ते केवळ अंतराच्या भीतीने टाळणे योग्य ठरत नाही.

विश्वसनीयता : क्रमवारी बऱ्याच अंशी संस्थांनी स्वतः पुरविलेल्या माहितीवर अवलंबून असते. कोलंबिया विद्यापीठाने दिलेल्या आकडेवारीतील चुका तेथीलच एका गणिताच्या प्राध्यापकाने २०२२ मध्ये उघड केल्यावर अमेरिकन क्रमवारीतील त्याचे स्थान दुसऱ्यावरून अठराव्यावर घसरले. भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च श्रेणीच्या बदल्यात लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या एका पाहणी समितीतील सदस्यांना अटक केली. अशा प्रकारांमुळे सर्वच श्रेणी अविश्वसनीय ठरत नसल्या, तरी त्यांची इतर माहितीशी पडताळणी आवश्यक ठरते.

निवडीचे तारतम्य : विद्यापीठाची मान्यता, विषयातील कायम शिक्षकांची संख्या, तुकडी अनुदानित आहे की नाही, ग्रंथालय व प्रयोगशाळा यांची स्थिती, निकालांचा वक्तशीरपणा, प्रवासाचा वेळ आणि एकूण खर्च या बाबी प्रथम पाहाव्यात आणि त्या सारख्या असल्यास श्रेणी वा क्रमांक यांचा आधार घ्यावा, हा क्रम सामान्यतः हितावह ठरतो. नॅकच्या प्रक्रियेसाठी महाविद्यालयाने तयार केलेला स्वयंअध्ययन अहवाल बहुधा त्याच्या संकेतस्थळावर असतो. शिक्षकसंख्या, निकाल व पुढील शिक्षणास गेलेले विद्यार्थी यांचा तपशील त्यात मिळत असल्याने केवळ श्रेणीच्या अक्षरापेक्षा तो अधिक बोलका असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत क्रमाक्रमाने संपुष्टात आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साध्य झाल्यास महाविद्यालये स्वतः पदवी देऊ लागतील आणि विद्यापीठाच्या समान नावाचे जे संरक्षण वसई किंवा जव्हार येथील पदवीधरास लाभते, ते उरणार नाही. त्या स्थितीत महाविद्यालयाच्या लौकिकाचे महत्त्व वाढेल. म्हणून जिल्ह्यातील अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदे भरणे व त्यांची साधने वाढविणे, हा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने क्रमवारीपेक्षा अधिक निकडीचा प्रश्न ठरतो.