निफाडला हुडहुडी, रत्नागिरीत पंखा: एकाच राज्यात थंडी वेगळी का? पहाटे घराबाहेर पडताना काय सांभाळाल?

परवा सकाळी रत्नागिरीला दिलेल्या मावसबहिणीचा फोन आला. मी शेकोटीपुढे बसलो होतो, कानाला मफलर, अंगावर घोंगडी. ती म्हणते, "दादा, आमच्याकडे रात्री अजून पंखा लागतोय." मी म्हटलं, "इकडे नळाखाली हात धरवत नाय!" एकच राज्य, एकच सकाळ, मग हा फरक कुठून येतो? हे समजून घेतलं तर रोजच्या बाहेर पडण्यातले धोकेही कळतात. दूध घालायला, पाणी भरायला, बाजाराला, शाळेला आपण थंडीत थांबत नाही. म्हणून हा लेख.

थंडी येते कुठून?

हिमालयाकडे पाऊस-बर्फ पडतो, ती ढगाळ प्रणाली पुढे सरकते आणि तिच्या मागून उत्तरेचं कोरडं, गार वारं खाली उतरतं. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडल्याची बातमी आली की पुढच्या काही दिवसांत आपल्याकडे पारा घसरतो तो यामुळेच. खानदेश, नाशिक आणि विदर्भ या वाऱ्याच्या वाटेवर आधी येतात.

पण फक्त वाऱ्यानं एवढा गारठा होत नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडते. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल तर ती उष्णता अडवायला काहीच नसतं. ढग असले की ते पांघरुणासारखं काम करतात. बंगालच्या उपसागराकडून वारं फिरलं की ढग येतात, थंडी पळते आणि द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो तो यासाठीच.

शिवाय डिसेंबर-जानेवारीत दिवस जेमतेम ११ तासांचा आणि रात्र १३ तासांची. जमिनीला गार व्हायला भरपूर वेळ मिळतो. सगळ्यात जास्त गारठा मध्यरात्री नसतो, तर सूर्य उगवण्याच्या आसपास असतो. म्हणजे नेमकं आपण बाहेर पडतो तेव्हा.

खोलगट भागात थंडी जास्त

गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि खोलगट जागी साचते. महाबळेश्वरला याचं चांगलं उदाहरण दिसतं. गाव उंचावर आहे, पण दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात ते वेण्णा तलावाच्या परिसरातून. गावात त्याच वेळी पारा त्याहून बराच वर असतो.

आपल्या निफाडचंही तसंच. समुद्रापासून लांब, गोदाकाठचा सपाट-सखल भाग. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर हिवाळ्यात बातमीत असतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या डाब गावात, अक्कलकुवा तालुक्यात, गवतावरचं दव गोठतं. विदर्भ समुद्रापासून सगळ्यात लांब. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता.

कोकणात मात्र समुद्र शेजारी. पाणी हळू तापतं, हळू निवतं, त्यामुळे किनाऱ्यावर रात्र फार गार होत नाही. हवामान खात्यानंसुद्धा हा फरक मानलेला आहे. सपाट भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असेल तर थंडीची लाट म्हणतात. किनाऱ्यासाठी हाच आकडा १५ अंश धरतात. म्हणजे आपल्याला जी थंडी 'बरी' वाटते ती कोकणात लाट ठरू शकते.

मोबाईल ९ दाखवतो, मग पिकावर पांढरं कसं?

हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. वेधशाळेचा तापमापक लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी गार असते. मोबाईलमधला आकडा तर मोठ्या परिसराचा अंदाज असतो, तुमच्या वावराचा नव्हे. ओढ्याकाठच्या खोलगट वावरात थंडी त्याहून जास्त धरायची. पन्नास-शंभर रुपयांचा साधा तापमापक आणून बागेत टांगला तर स्वतःच्या शेताचा अंदाज येतो.

घड्याळ एक, उजेड वेगळा

गोंदियाला सूर्य आपल्यापेक्षा जवळपास अर्धा तास आधी उगवतो, कारण ते पूर्वेला आहे. जानेवारीत गोंदियाकडे पावणेसातच्या सुमारास सूर्य वर येतो, नाशिक-मुंबईकडे सव्वासातच्या आसपास तांबडं फुटून ऊन दिसायला लागतं. घड्याळ मात्र सगळीकडे तेच. त्यामुळे सात वाजताच्या शाळेला निघालेली आपल्याकडची पोरं अंधुक उजेडात सायकल चालवत असतात. दप्तराला आणि सायकलच्या मागं चमकणारी पट्टी लावा. वीस रुपयांचं काम आहे.

धुकं आणि उसाची ट्रॉली

वारा पडलेला, आभाळ मोकळं आणि जमीन ओली असली की पहाटे धुकं धरतं. नदीकाठ, कालव्याकाठ आणि भरणं झालेली शिवारं ही त्याची ठिकाणं. गोदाकाठ असो की कृष्णाकाठ, हाच ऊसतोडीचा हंगाम आणि हेच पट्टे.

दोन वर्षांपूर्वी मी साडेपाचला दुधाचे कॅन घेऊन मोटारसायकलवर निघालो होतो. धुक्यात समोर काहीच नव्हतं आणि एकदम उसाचे शेंडे तोंडापुढे! पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. गाडी साईडपट्टीवर घातली, वाचलो. दूध मात्र चारीत गेलं. तेव्हापासून चार गोष्टी पाळतो:

• धुक्यात गाडीचा डिपर खालीच. वरचा लाईट धुक्यावरून परत फिरतो आणि आपलेच डोळे दिपतात.
• पुढच्या वाहनाच्या मागच्या दिव्यावर विसंबून वेग धरायचा नाही. वेग इतकाच, की दिसतंय तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे.
• काहीच दिसेना तर रस्ता सोडून खाली पूर्ण बाजूला थांबायचं.
• ट्रॅक्टरवाल्या भावांनो, ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा. ऊस लोंबून ते झाकले जात नाहीत ना, तेही बघा. ट्रॉली बंद पडली तर मागं लांबवर दगडांऐवजी दिसेल असं काही ठेवा, आणि निघताना ते उचला.

रात्रीचं पाणी आणि बिबट्या

शेतीची लाईट रात्रीची असली की गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला जावंच लागतं. ऊस तुटत चालला की त्यात दडलेले बिबटे जागा बदलतात. निफाड, सिन्नर, जुन्नर पट्ट्याला हे नवीन नाही. एकटं जाऊ नका. बॅटरी हातात आणि मोबाईलवर गाणी मोठ्यानं चालू ठेवा. वाकून किंवा बसून काम करताना जास्त जपा, कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. बिबट्या दिसला तर पळू नका, वन विभागाच्या १९२६ क्रमांकाला कळवा.

पाय ओले असताना थंडी अंगात लवकर शिरते. गमबूट घाला, कोरडे मोजे सोबत ठेवा. दारू पिल्यानं ऊब येते हा भ्रम आहे. कातडीला गरम वाटतं, पण आतली उष्णता उलट बाहेर जाते.

शेकोटी बाहेर, घरात नाही

कोळशाची शेगडी पेटवून दार-खिडक्या लावून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. बाजल्याखाली निखाऱ्याचं घमेलं ठेवायची जुनी सवय मोडा.

म्हाताऱ्या माणसांना, बीपी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना पहाटेचं फिरणं ऊन पडल्यावर करू द्या. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो. छातीत दुखलं, दम लागला तर 'गॅस असेल' म्हणत बसू नका, १०८ ला फोन करा.

थंडीची मजाही घ्या

हाच काळ गाठीभेटींचा. खानदेशात वावरात भरीत-पुरीच्या पार्ट्या, नगर-सोलापूर आणि मराठवाड्यात हुरडा, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा. कोकणात दशावतार बघत लोक रात्र जागवतात. आणि ज्या गारव्यात आपण कुडकुडतो त्याच गारव्यावर आपला गहू फुटवे धरतो, कोकणातला आंबा मोहोरतो. बहिणीनं फोन ठेवता ठेवता विचारलंच, "थोडी थंडी इकडे पाठव ना, मोहोर यायचाय."

यात्रेला जाताना मात्र पिकअपमध्ये मागं उघड्यावर लहान पोरं बसवू नका. आठ-दहा अंशात चाळीसच्या वेगानं लागणारं वारं अंगातली ऊब झपाट्यानं काढून घेतं. मोटारसायकलवरही तेच. छातीवर जाड कापड, कानटोपीवर हेल्मेट, आणि जमलं तर अर्धा तास उशिरा निघा. तेवढ्यात उजेडही येतो आणि धुकंही उठतं.