वस्तीतील वाहतूक नियोजन व रहिवाशांचा सहभाग

निवासी वस्तीतील रस्ते, पदपथ, चौक, बसथांबे, वाहने उभी करण्याच्या जागा इत्यादींमध्ये सुधारणा करताना तेथील रहिवाशांना केवळ पूर्वसूचना न देता, सुधारणेची गरज ठरविण्यापासून तिची आखणी व पडताळणी करण्यापर्यंतच्या निर्णयांत सामील करून घेण्याची पद्धती. नगररचना व वाहतूक अभियांत्रिकी या दोन्ही शास्त्रांत तिला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थान मिळाले.

त्यापूर्वी रस्त्याची उपयुक्तता मुख्यतः एका तासात त्यावरून किती वाहने जाऊ शकतात, यावरून ठरविली जाई. हे माप दोन शहरांना जोडणाऱ्या महामार्गाला पुरेसे होते. घरांच्या दारांवरून जाणाऱ्या रस्त्याला ते अपुरे पडले. वर्दळीच्या भीतीने ज्या वृद्धाने रस्ता ओलांडणेच सोडून दिले किंवा ज्या मुलाला आईवडिलांनी बाहेर खेळण्यास मनाई केली, त्यांची नोंद कोणत्याही रहदारी-मोजणीत होत नाही. अपघातांच्या आकडेवारीत तर असा रस्ता सुरक्षितही दिसू शकतो. ही उणीव भरून काढणारी माहिती फक्त रहिवाशांजवळ असते आणि त्यांच्या सहभागाचे तांत्रिक समर्थन प्रामुख्याने येथेच आहे.

ब्रिटिश वाहतूक मंत्रालयासाठी कॉलिन ब्युकॅनन यांनी तयार केलेल्या अहवालात (१९६३) प्रत्येक निवासी भागाला वाहनांचा काही एक भारच सोसतो व त्यापलीकडे तेथील राहणीमान ढासळते, असे प्रतिपादन करण्यात आले. मात्र ती मर्यादा कोणी ठरवावयाची, हा प्रश्न त्यात तज्ञांवरच सोपविलेला होता. त्याच देशातील स्केफिंग्टन समितीने १९६९ मध्ये योजना तयार होत असतानाच लोकांना तीत भाग घेऊ द्यावा, अशी शिफारस केली. त्याच वर्षी अमेरिकेत शेरी आर्नस्टाइन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांची दिशाभूल करून संमती मिळविणे आहे, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे व सल्ला घेणे आहे, तर वरच्या पायऱ्यांवर निर्णयाधिकारात प्रत्यक्ष वाटा आहे. सभा भरली व इतिवृत्तावर सह्या झाल्या, एवढ्याने सहभाग सिद्ध होत नाही, हा तिचा मथितार्थ होय.

रहिवाशांची माहिती पद्धतशीरपणे कशी गोळा करता येते, हे डॉनल्ड ॲपलयार्ड व मार्क लिंटेल यांच्या सॅन फ्रॅन्सिस्को येथील पाहणीने दाखविले (१९७२ मध्ये प्रसिद्ध). घरांची ठेवण सारखी पण रहदारी भिन्न असलेले तीन लगतचे रस्ते त्यांनी निवडले. पहिल्यावरून दिवसाला सु. २,०००, दुसऱ्यावरून सु. ८,००० व तिसऱ्यावरून सु. १६,००० वाहने जात. कमी रहदारीच्या रस्त्यावर एका रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते; सर्वाधिक रहदारीच्या रस्त्यावर ही सरासरी ०·९ भरली. ओळखीच्या लोकांची संख्याही ६·३ वरून ३·१ वर आली होती. ‘आपले घर’ म्हणून वाटणारा भाग नकाशावर दाखविण्यास सांगितले असता पहिल्या रस्त्यावरील लोकांनी रस्त्याची दुसरी बाजूही त्यात धरली. तिसऱ्यावरील लोकांची रेषा इमारतीच्या आत थांबली. वाहने मोजणाऱ्या यंत्राला ही रेषा कधीच सापडली नसती. ॲपलयार्ड स्वतः १९८२ मध्ये अथेन्स येथे मोटारीखाली सापडून मरण पावले.

नेदर्लंड्समध्ये या विचाराला चळवळीचे रूप आले. तेथे १९७१ मध्ये रस्त्यांवरील अपघातांत सु. ३,३०० माणसे दगावली. त्यांपैकी ४०० हून अधिक मुले होती. आपली मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये लिहिलेल्या लेखाच्या मथळ्यावरून ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाचे नाव घेऊन पालकांची संघटना उभी राहिली. तिने निदर्शने केली, तसेच सुरक्षित रस्त्यांविषयी स्वतःचे प्रस्तावही तयार केले. पुढे तिला शासकीय अनुदान मिळाले. ॲम्स्टरडॅममधील दे पैप या एकोणिसाव्या शतकातील दाट वस्तीत १९७२ च्या सुमारास शाळकरी मुलांनीच खेळण्यासाठी रस्ता बंद करण्याची मागणी लावून धरली. रस्त्यावर अडथळे मांडले असता वाहनचालकांशी त्यांची खडाजंगी झाली; हा प्रसंग दूरचित्रवाणीवरील माहितीपटातून देशभर पोहोचला.

याच सुमारास डेल्फ्ट येथे ‘वोनएर्फ’ ही रचना आकारास येत होती. ‘राहते अंगण’ असा या शब्दाचा अर्थ असून मराठी वाचकास तो परका वाटू नये. या रचनेत पदपथ व वाहनपथ यांतील उंचवटा काढून टाकतात. झाडे, बाके व वळणे यांच्या योगे वाहनाचा वेग आपोआप मंदावतो. १९७६ मध्ये तिला कायद्याने मान्यता मिळाली. पादचाऱ्यांना रस्त्याची संपूर्ण रुंदी वापरता येते, मुले तेथे खेळू शकतात आणि वाहनास चालत्या माणसाच्या गतीनेच जावे लागते. संपूर्ण रस्ता नव्याने बांधणे खर्चिक असल्याने १९८० नंतरच्या दशकात तेथे ताशी ३० किमी. वेगमर्यादेचे स्वस्त निवासी विभाग अधिक प्रमाणात करण्यात आले.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ सामान्यतः रहिवाशांसमवेत केलेल्या पायी पाहणीने होतो. पाणी कोठे तुंबते, शाळा सुटण्याच्या वेळी कोणता कोपरा धोक्याचा होतो, अंधारात कोणती वाट टाळली जाते, या गोष्टी मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर टिपून घेतात. त्यानंतर पर्यायी आराखडे मांडले जातात व शक्य तेथे पिंपे, कुंड्या किंवा रंगाचे पट्टे यांच्या साहाय्याने काही महिन्यांची तात्पुरती रचना करून पाहतात. कागदावरील आराखडा वाचणे सर्वांना जमत नाही. रस्त्यावरील कुंडी मात्र सर्वांना कळते. अशा चाचणीचा आणखी एक लाभ म्हणजे चूक स्वस्तात दुरुस्त होते.

या पद्धतीच्या मर्यादाही अनुभवास आल्या आहेत. एक रस्ता शांत केल्यास त्याची रहदारी शेजारच्या रस्त्यावर ढकलली जाऊ शकते व तेथील लोक सभेला बोलावलेलेच नसतात. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने १९७५ मध्ये निवासी रस्त्यांवर वाहने वळविणारे अडथळे बसविले. ते काढून टाकण्याचे प्रस्ताव १९७६ व १९७७ मध्ये मतदारांनी फेटाळले. परंतु १९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अनधिकृत ठरविले आणि राज्याच्या कायद्यात बदल करावा लागला. उलट, नेदर्लंड्समधील ग्रोनिंगेन येथे १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार विभाग पाडून त्यांच्या दरम्यान मोटारींना मज्जाव करण्यात आला, तो दुकानदारांचा तीव्र विरोध डावलून. हे शहर पुढे सायकलींसाठी प्रसिद्ध झाले. म्हणजे सर्वांत मोठा आवाज हाच रहिवाशांचा आवाज, असे धरून चालत नाही. सभेच्या वेळी कामावर असणारे, भाडेकरू, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, फेरीवाले व मुले यांचे म्हणणे स्वतंत्रपणे मिळवावे लागते. मोटार बाळगणारा बोलका वर्ग तेवढा ऐकला गेल्यास वाहनतळ वाढतात आणि पदपथ आखडतात.

महाराष्ट्रात प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर ठराविक मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात आणि नियोजन समितीपुढे त्यांची सुनावणी होते. ही तरतूद महत्त्वाची असली, तरी रेषा आखून झाल्यावर ती लागू होते. त्यामुळे हरकतदार बहुधा आपल्या मिळकतीपुरते बोलतो आणि वस्तीचा एकत्रित विचार मागे राहतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. त्यांवर प्रामुख्याने नगरसेवकच असल्याने रहिवाशांचा थेट प्रवेश मर्यादित राहिला. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांच्या नव्हे, तर माणसांच्या ये-जा करण्यास प्राधान्य दिले. त्याच वर्षी पुणे महानगरपालिकेने नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची प्रथा सुरू केली. पदपथ, पथदिवे, बसथांबे यांसारखी लहान कामे तीत मोडतात. मुख्य रस्ते व उड्डाणपूल यांविषयीचे निर्णय तिच्या कक्षेबाहेर राहतात.