गोरेपणाची क्रीम अन् मशेरीची डबी : चेहरा-दात उजळवण्याच्या नादात किडनी आणि तोंड धोक्यात, काय टाळावे, काय करावे?

नवी मुंबई : लग्नसराई तोंडावर आली की पनवेल-उरणच्या बाजारपेठांत आणि नवी मुंबईच्या गावठाणांत ‘झटपट गोरेपणा’ देणाऱ्या क्रीमच्या डब्यांची विचारणा वाढते. दुसरीकडे, बऱ्याच घरांत आजही सकाळ उजाडते ती मशेरीच्या डबीनेच. एक वस्तू चेहऱ्यासाठी, दुसरी दातांसाठी. पण दोन्हींची गत सारखीच. सुरुवातीला बरं वाटतं, गुण आल्यासारखा दिसतो आणि आतून जे बिघडतं ते कळेपर्यंत उशीर होतो. नितळ त्वचा आणि निरोगी दात यांसाठी लागणाऱ्या गोष्टी मात्र साध्या आणि स्वस्त आहेत.

एकाच घरातल्या तिघींची किडनी बिघडली

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एक प्रकरण राज्यभर गाजले. बायोटेक्नॉलॉजीचे शिक्षण घेणारी २० वर्षांची विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण या तिघी एकच क्रीम वापरत होत्या. काही महिन्यांत तिघींनाही किडनीचा आजार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीमची तपासणी झाली, तेव्हा त्यात पाऱ्याचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट जास्त निघाले. २०२४ मध्ये नवी मुंबईतही एक तरुणी आणि एक प्रौढ पुरुष किडनीच्या त्रासाने रुग्णालयात दाखल झाले. दोघेही त्वचा उजळवणारी ‘हर्बल’ क्रीम बरेच दिवस लावत होते. म्हणजे हा विषय फक्त बायकांचा नाही आणि डबीवर ‘हर्बल’ लिहिले म्हणजे ती निर्धोक, असेही नाही.

पारा करतो काय? त्वचेला रंग देणारे मेलॅनिन नावाचे द्रव्य तयार होण्याची क्रिया तो अडवतो. म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळलेला दिसतो. पण हाच पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि किडनीत साठतो. किडनीची गाळणी खराब झाली की शरीरातली प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. क्रीम लावणे थांबवले की चेहरा पुन्हा काळवंडतो, म्हणून माणूस ती आणखी लावतो. टॉवेल, उशी, हात यांमधून पारा घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोहोचतो.

क्रीम वापरणाऱ्यांनी ही लक्षणे अंगावर काढू नयेत :

- सकाळी डोळ्यांभोवती किंवा संध्याकाळी पायांवर सूज
- लघवीला न विरणारा फेस
- अचानक वाढलेले वजन किंवा रक्तदाब

अशा वेळी क्रीम लगेच बंद करावी, डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी साधी आणि कमी खर्चाची आहे. वेळेत क्रीम थांबवली तर बऱ्याच रुग्णांची किडनी सावरते.

डबी कशी ओळखाल?

भारतात सौंदर्यप्रसाधनांमध्ये मुद्दाम पारा घालायला परवानगी नाही. नकळत राहिलेला अंशही दहा लाखात एक भाग, एवढाच चालतो. डोळ्यांसाठीच्या काही प्रसाधनांना तेवढी वेगळी मर्यादा आहे. तरीही विनापरवाना माल विकला जातोच. उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख नसलेली डबी घेऊच नये. घटकांच्या यादीत ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ किंवा ‘कॅलोमेल’ दिसले तर ती लांब ठेवावी. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असेल, तरी सावध व्हावे. संशयास्पद मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

गजकर्णावर ‘मिक्स’ मलम नकोच

दुसरा घोळ स्टेरॉइडच्या मलमांचा. कोकणच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, जांघेत, काखेत, कमरेला गजकर्ण उठते. मेडिकलमधून एखादी ट्यूब आणली जाते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. पण त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी मरत नाही, उलट पसरते. तीच ट्यूब चेहऱ्यावर लावली तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरूम आणि केस वाढतात, उन्हात आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे नाव असेल तर ती स्वतःच्या मनाने लावू नये.

गजकर्णाला बुरशीनाशक औषध लागते आणि ते डॉक्टर सांगतील तितके दिवस लावावे लागते. खाज गेली म्हणून मध्येच सोडले की ते परत येते. अंग कोरडे ठेवावे, ओले कपडे घालू नयेत, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्याचेही उपचार सोबतच व्हावेत.

चेहऱ्यासाठी एवढे पुरे

चेहरा दिवसातून दोन वेळा सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने धुवावा. सारखा घासल्याने मुरूम कमी होत नाहीत, त्वचा सोलवटते. मुरूम फोडू नये, खड्डा राहतो. मुरुमावर टूथपेस्ट लावण्याची सवय तर अगदी चुकीची. त्याने आग होऊन डाग उरतो. लिंबू चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी काळी पडू शकते.

बाळंतपणानंतर गालांवर येणारे वांग हे बऱ्याच जणी क्रीमकडे वळण्याचे कारण असते. वांगाचा मोठा शत्रू ऊन. बाजारात बसणाऱ्या, शेतात किंवा मिठागरावर राबणाऱ्या बायांनी छत्री, टोपी किंवा डोईवरून पदर घ्यावा आणि जमल्यास एसपीएफ ३० चे सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावावे. ऊन अडवले नाही तर कुठलेच औषध टिकत नाही.

मशेरी म्हणजे मंजन नव्हे, तंबाखूच

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची, ही मशेरी. ‘हिरड्या घट्ट होतात’, ‘दात दुखायचा थांबतो’, ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ अशी कारणे पिढ्यान् पिढ्या सांगितली जातात. खरे पाहता ही निकोटीनची तलफ असते. म्हणून सकाळी एकदा लावणारी बाई पुढे दुपारी, रात्रीही लावू लागते. बिडी-गुटख्याला नावे ठेवणाऱ्या घरातही मशेरीला कुणी व्यसन म्हणत नाही, हीच मोठी अडचण.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर १९९२ पासूनच बंदी आहे. पण घरी भाजलेल्या मशेरीला कुठला कायदा अडवणार? तंबाखू दातांवर डाग पाडते, हिरड्या मागे सारते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढवते. पोटातल्या बाळालाही ती सोडत नाही. मुंबईतील १,२१७ गरोदर महिलांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. त्यामुळे घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर डबी बाजूला ठेवायला त्याहून चांगली वेळ नाही.

मशेरी एका दिवसात सुटत नसेल तर आधी वेळा कमी कराव्यात, तलफ आली की पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग चघळावी. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत समुपदेशन मिळते.

दातांसाठी रोजचा नेम

- सकाळी आणि रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटे ब्रश करावा. रात्रीचा ब्रश चुकवू नये. झोपेत लाळ कमी होते आणि दात किडायला मोकळीक मिळते.
- फ्लोराइडची साधी टूथपेस्ट पुरते. मोठ्यांना वाटाण्याएवढी, तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी.
- राखुंडी, विटेची पूड, कोळसा, मीठ किंवा लिंबू-सोडा दातांवर घासू नये. दाताचे वरचे कवच एकदा झिजले की पुन्हा येत नाही. मग थंड-गरम झोंबते आणि दात पिवळेच दिसतात.
- हिरडीतून रक्त येते म्हणून ब्रश सोडू नये. साचलेल्या किटणामुळेच बहुधा रक्त येते. ते काढून घ्यावे. मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावे.
- मुलांना सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे नवी दाढ येते. ती कायमची असते. ‘पडेलच की’ म्हणून सोडली आणि किडली, तर बदली दाढ येत नाही.

आरशासमोर एक मिनिट

महिन्यातून एकदा उजेडात आरसा घेऊन गाल, जीभ, हिरड्या बघाव्यात. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, तिखट अजिबात सहन न होणे किंवा तोंडात उभी तीन बोटे न मावणे, यापैकी काहीही असेल तर दुखण्याची वाट पाहू नये. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला दुखतोच असे नाही.

तपासणीसाठी लांब जायची गरजही नाही. नेरूळ, बेलापूर, खारघर आणि कामोठे येथे दंत महाविद्यालये आहेत. तिथे साधारणपणे खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात उपचार होतात. कॅन्सरवर उपचार करणारे टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक केंद्रही खारघरमध्येच आहे. गावात आधी आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे दाखवले, तरी पुढची वाट कळते.

गोरा रंग हे आरोग्याचे लक्षण नाही आणि पांढरेशुभ्र दात म्हणजे मजबूत दात नव्हेत. आज घरी गेल्यावर दोनच कामे करावीत : कपाटातली क्रीमची डबी उलटी करून तिच्यावरचा मजकूर वाचावा आणि मोरीतल्या मशेरीच्या डबीशेजारी एक ब्रश ठेवावा.